रिकामा रकाना भरू नका : फ्रेंचच्या अपुऱ्या क्रियापदांमधल्या या चुका टाळा

गेली १८ वर्षं मी पुण्यात फ्रेंच शिकवते आहे. दर बॅचमध्ये एक तरी वही अशी येतेच, जिच्यात 'फ्रीर' म्हणजे 'तळणे' या क्रियापदाचं वर्तमानकाळाचं कोष्टक सुबक अक्षरात पूर्ण भरलेलं असतं. ज, त्यु, इल, नू, वू, इल, म्हणजे मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. सहाच्या सहा रकाने. त्यातले शेवटचे तीन खोटे असतात. ते कुणी कुठून उतरवलेले नसतात. मुलांनी ते स्वतःच्या डोक्यानं बनवलेले असतात, म्हणून खोडायला सांगितलं की फार लागतं. 'मॅडम, नियमानं तर हेच यायला हवं ना?' हा प्रश्न इतक्या वेळा ऐकलाय की आता त्याचं उत्तर लिहूनच ठेवते.

फ्रेंचमध्ये काही क्रियापदांना सगळ्या काळांची किंवा सगळ्या पुरुषांची रूपं नाहीत. वर्गात आम्ही त्यांना 'देफेक्तिफ' म्हणतो. पुस्तकात त्यांच्या कोष्टकात मधेमधे आडवी रेघ असते किंवा जागा कोरी असते. ती छपाईची चूक नसते आणि तुमचं ॲपही बिघडलेलं नसतं. ते रूप वापरात नाही, एवढंच ती रेघ सांगते. (लेखात फ्रेंच शब्द उच्चाराला जवळ जातील असे देवनागरीत लिहिले आहेत. नाकातले स्वर आणि घशातला र कानानंच शिकावा लागतो.)

मराठी माणसाला यात नवल वाटायचं खरं तर कारण नाही. 'नको' घ्या. 'मला चहा नको' म्हणतो, 'नको होता' म्हणतो. 'उद्या मला चहा नकोणार' असं चार वर्षांचं मूलसुद्धा म्हणत नाही. 'पाहिजे'चा भविष्यकाळ करायची वेळ आली की आपण मुकाट्यानं 'लागेल'कडे वळतो : आज जायला पाहिजे, उद्या जावं लागेल. 'आहे'चं उद्या 'असेल' होतं. शाळेच्या व्याकरणात 'आहे, नाही, नको, नये, पाहिजे' ही मंडळी अनियमित किंवा गौण क्रियापदं म्हणून एका ओळीत उभी केलेली असतात. आपण ती ओळ पाठ केली आणि विसरलो, पण बोलताना एकदाही चुकलो नाही, कारण ती क्रियापदं आपण वाक्यातून उचलली, कोष्टकातून नाही. फ्रेंच शिकताना नेमकं हेच उलटं होतं.

तळणे : जिथे तीन वाटा फुटतात

'फ्रीर'चं एकवचन सरळ आहे. ज फ्री, त्यु फ्री, इल फ्री. आता 'आम्ही तळतो' म्हणायचं. विद्यार्थ्याच्या डोक्यात 'ईर'नं संपणारी तीन ओळखीची क्रियापदं असतात. 'लीर' म्हणजे वाचणे, त्याचं 'नू लिझों'. 'रीर' म्हणजे हसणे, त्याचं 'नू रियों'. 'एक्रीर' म्हणजे लिहिणे, त्याचं 'नू एक्रिव्हों'. मग तळणे? फ्रिझों, फ्रियों की फ्रिव्हों? तिन्ही नियमात बसल्यासारखी वाटतात आणि तिन्ही चूक. फ्रेंच माणसं यातल्या कुठल्याच वाटेनं जात नाहीत. ती म्हणतात 'नू फझों फ्रीर', शब्दशः 'आम्ही तळायला लावतो'. 'फॅर' हे 'करणे' अर्थाचं क्रियापद पुढे येऊन सगळी रूपं आपल्या अंगावर घेतं आणि 'फ्रीर' मूळ रूपात शांत बसतं.

माझी एक विद्यार्थिनी हॉटेल मॅनेजमेंटचं शिकत होती. फ्रान्समधल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये इंटर्नशिपसाठी तिची व्हिडिओ कॉलवर मुलाखत होती. तिच्याकडे दहा दिवस होते. मी सांगितलं होतं की रोज अर्धा तास माझ्याशी फक्त स्वयंपाकावर बोल. तिला ते हळू वाटलं. तिनं दहा दिवसांत ॲपवरून दोनशे क्रियापदं पाठ केली. मुलाखतीत शेफनं विचारलं, तुमच्याकडचा एखादा पदार्थ कसा करतात ते सांगा. तिनं बटाटेवडा निवडला, निवड उत्तम होती. बटाटे उकडले, कुस्करले, मिरची-लसूण-आलं वाटून घातलं, गोळे केले, बेसनात बुडवले. इथपर्यंत छान. मग ती म्हणाली, 'नू फ्रिझों ले वडा.'

'फ्रिझों' हे रूप फ्रेंचमध्ये आहे, पण ते 'फ्रिझे' या वेगळ्या क्रियापदाचं. त्याचा अर्थ केस कुरळे करणे. म्हणजे ती म्हणाली, 'आम्ही वडे कुरळे करतो.' शेफला कळेना. त्यानं पुन्हा विचारलं. तिला वाटलं रूप चुकलं, म्हणून तिनं 'फ्रियों' करून पाहिलं. त्याला तेही कळलं नाही. शेवटी त्यानं हातानं कढईत सोडल्यासारखं केलं आणि म्हणाला, 'आ, वू फॅत फ्रीर!' तोवर तिचा आवाज बसला होता आणि पुढच्या तीन प्रश्नांना ती एकेका शब्दात उत्तरं देत राहिली. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. कारण फक्त हे क्रियापद होतं असं मी म्हणणार नाही. पण त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली तेव्हा तिला बाकीची एकशे नव्व्याण्णव क्रियापदं आठवत नव्हती.

'फ्रीर'ला वर्तमानकाळाचं अनेकवचन नाही, 'अँपार्फॅ' (चालू किंवा सवयीचा भूतकाळ) नाही, 'पासे सँप्ल' (पुस्तकी, लेखी भूतकाळ) नाही, 'स्युबझोंक्तिफ' (इच्छा, गरज, शंका यांच्यामागे येणारं रूप) नाही. भविष्यकाळ मात्र सगळा आहे, संकेतार्थही आहे. भूतकाळी धातुसाधित 'फ्री' आहे, त्यामुळे 'जे फ्री', मी तळलं, हे बिनचूक आहे. त्या 'फ्री'चं स्त्रीलिंग 'फ्रीत'. आपण ज्यांना फ्रेंच फ्राइज म्हणतो ते 'पोम फ्रीत', म्हणजे तळलेले बटाटे. फ्रेंचमध्ये बटाटा स्त्रीलिंगी आहे, म्हणून शेवटी त ऐकू येतो.

माझी सवय सांगते. वहीच्या डाव्या पानावर मी क्रियापदाचं एक पूर्ण वाक्य लिहिते आणि उजव्या पानावर त्याची 'बदली' लिहिते. शाळेत शिक्षक रजेवर गेले की बदली शिक्षक येतात, तशी. 'फ्रीर'समोर 'फॅर फ्रीर'. कोष्टक मी काढतच नाही.

इल फो : सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात जास्त बिघडवलेलं

'फाल्वार' म्हणजे पाहिजे असणे, लागणे. पुरुष एकच, 'इल'. हा 'इल' म्हणजे 'तो' नव्हे. फ्रेंच वाक्याला कर्त्याची जागा मोकळी चालत नाही म्हणून तिथे बसवलेला तो शब्द आहे. मराठीत 'उजाडलं', 'सांजावलं', 'मळमळतंय' म्हणताना कोण उजाडलं असं आपण विचारत नाही. शाळेत याला भावकर्तृक क्रियापद म्हणायचे. तोच प्रकार, फक्त फ्रेंचमध्ये पुढे एक 'इल' उभा.

पहिली चूक 'ज फो आले'. 'मी' आहे म्हणून 'ज' आलाच पाहिजे, या हट्टातून ती येते. बरोबर वाक्य 'इल फो क जाय'. मी गेलं पाहिजे.

दुसरी चूक खास आपल्याकडची आहे आणि तिच्यावर मला फार प्रेमानं बोलावंसं वाटतं, कारण ती मराठी चांगलं असणाऱ्या मुलांकडून होते. 'मला चार खुर्च्या पाहिजेत.' फ्रेंचमध्ये 'इल म फो कात्र शॅझ'. 'म' म्हणजे 'मला'. रचना जवळजवळ आपलीच. इंग्रजीतून विचार करणाऱ्याला इथे अडखळायला होतं, मराठीतून विचार करणारा सरळ पोचतो. पण मराठीत खुर्च्या चार झाल्या की 'पाहिजे'चं 'पाहिजेत' होतं, आणि तो त डोक्यात वाजत राहतो. मग मुलं 'इल'ला अनेकवचनाचा एस लावतात, कुणी क्रियापदालाच शेपूट जोडतं. फ्रेंचमध्ये एक खुर्ची असो की चारशे, 'इल फो' जागचं हलत नाही.

तिसऱ्या चुकीनं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला खरा त्रास दिला. तो एका कंपनीत फ्रेंच ग्राहकांशी पत्रव्यवहार बघायचा. एक पाहुणे सोमवारी कारखाना बघायला येणार होते. सोमवारचं काम रविवारीच फोनवर मिटलं. त्याला लिहायचं होतं, 'आता सोमवारी यायची गरज नाही, मंगळवारी निवांत या.' त्यानं लिहिलं 'इल न फो पा वनीर लँदी'. वाचणाऱ्याला त्याचा अर्थ लागला, 'सोमवारी येऊ नका.' पाहुण्यांचा फोन थेट वरच्या साहेबांना गेला : आमचं काही चुकलं का?

'इल न फो पा' म्हणजे आपलं 'नये'. येऊ नये, करू नये, बोलू नये. 'गरज नाही' हा अर्थ त्यातून निघत नाही. त्यासाठी 'वू नावे पा बझ्वँ द वनीर' किंवा 'स नॅ पा ला पॅन' म्हणायचं. मी वर्गात दोन खडूंनी लिहिते. लाल खडूनं 'नये', त्याखाली 'इल न फो पा'. हिरव्या खडूनं 'गरज नाही', त्याखाली 'पा बझ्वँ'. हिरवं लाल झालेलं मी सहन करत नाही.

काळांची रूपं एवढीच लक्षात ठेवा : 'फालॅ', 'आ फाल्यु', 'फोद्रा', 'फोद्रॅ', 'फाय'. पाचही मी सकाळी चालताना वाक्यात म्हणायचे, कोष्टकात नाही. काल थांबावं लागलं : इल आ फाल्यु. उद्या लागेल : इल फोद्रा. एखाद्याला नरमाईनं सल्ला द्यायचा : इल फोद्रॅ. 'करायला पाहिजे होतं' अशी हळहळ असेल तर 'इल ओरॅ फाल्यु'. आणि ते 'फाल्यु' लिंगवचनाप्रमाणे कधीही बदलत नाही. वरच्या पातळीचे विद्यार्थी इथे एस लावून गुण घालवतात.

फ्रेंच लोक बोलताना 'इल' गिळून नुसतं 'फो पा' म्हणतात. सिनेमात ऐकून पहिल्या महिन्यात ते उचलू नका. आधी 'इल' पक्का बसू द्या, गिळायचं नंतर.

याच घरातला दुसरा भाऊ 'फायीर'. दोघंही एकाच लॅटिन क्रियापदातून आले आहेत. 'जे फायी तोंबे' म्हणजे 'मी पडता पडता वाचले'. इंग्रजीतल्या 'फेल'शी, नापास होण्याशी, त्याची गाठ घालून मुलं अर्थ लावतात, 'मला पडायला जमलं नाही'. आणि 'किल फाय' दिसलं की ते 'फायीर'चं समजतात. ते 'फाल्वार'चं आहे.

'हे पुस्तक साजी'

ल फिल्म साजी दँ पेईझाँ. 'सिनेमा एका शेतकऱ्याबद्दल आहे' हे सांगण्यासाठी लिहिलेलं हे वाक्य मी बारावीच्या पेपरात पाहिलंय, डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेच्या बी दोन पातळीची तयारी करणाऱ्यांकडून पाहिलंय, अनुवादाचं काम मागायला आलेल्या माणसाच्या नमुन्यात पाहिलंय. इतकी चिवट चूक दुसरी नाही.

'साजीर', म्हणजे कशाबद्दल तरी असणे, यालाही पुरुष एकच, 'इल'. सिनेमा, पुस्तक, उतारा, यातलं काहीही त्याचा कर्ता होऊ शकत नाही. 'दाँ स फिल्म, इल साजी दँ पेईझाँ' म्हणा : या सिनेमात गोष्ट आहे ती एका शेतकऱ्याची. मला विचाराल तर 'स फिल्म पार्ल दँ पेईझाँ' म्हणा आणि मोकळे व्हा. 'पार्ले' पूर्ण क्रियापद आहे, कधी दगा देत नाही. 'साजी' वापरलं की भाषा भारदस्त वाटते असं कोचिंगच्या तयार उत्तरांनी मुलांच्या डोक्यात भरवलंय. भारदस्तपणा चुकीच्या वाक्यातून येत नाही हे त्या उत्तरांखाली कुणी छापत नाही.

बंद करणे, आणि माझी स्वतःची चूक

भारदस्त शब्दाचा मोह मलाही झाला होता. शिकवायला लागण्याआधी मी अनुवाद करायचे. एका जुन्या कारखान्याचा इतिहास फ्रेंचमध्ये न्यायचा होता, पुस्तिका छापली जाणार होती. 'कारखान्याने दरवाजे बंद केले' या वाक्याला मला साधं 'फेर्मे' नको होतं. मी 'क्लोर' घेतलं. इतिहास असल्यामुळे सगळा मजकूर पासे सँप्लमध्ये, म्हणून मी लिहिलं, 'ल्युझीन क्लोझा से पोर्त'. रात्री दोन वाजता ते मला फार देखणं वाटलं. तपासणाऱ्या फ्रेंच बाईंनी 'क्लोझा'भोवती गोल करून समासात दोनच शब्द लिहिले : असं रूप नाही. माझं पुढचं काम त्यांनी ओळीओळीनं तपासलं, आणि ते योग्यच होतं.

'क्लोर'ला अँपार्फॅ नाही आणि पासे सँप्लही नाही. ज क्लो, त्यु क्लो, इल क्लो, इल क्लोझ आहेत. भविष्यकाळ आहे. 'आ क्लो', बंद केलं, हेही आहे. लिहिताना तिसऱ्या पुरुषी एकवचनात 'ओ' या अक्षरावर टोपीसारखी खूण (^) येते, पहिल्या-दुसऱ्यात येत नाही. बाकी सगळीकडे दरवाजा असेल तर 'फेर्मे', सभा किंवा खातं असेल तर 'क्लोत्युरे'. आज माझ्या वहीत उजव्या पानावर हे दोन शब्द आहेत आणि त्याखाली तो जुना 'क्लोझा' काट मारून ठेवलाय.

'फेर्मे'चा मूळ अर्थ होता घट्ट करणे, पक्कं करणे. 'क्लोर' मागे पडत गेलं तसं त्यानं दाराचं काम उचललं. 'वीर', म्हणजे ऐकणे, याचंही तसंच झालं. 'आँताँद्र'चा जुना अर्थ लक्ष देणे, समजून घेणे. आता ऐकायचं काम तेच करतं आणि 'वीर' उरलंय ते 'पार वी-दीर', ऐकीव माहितीवरून, अशा गोठलेल्या जागी. ही बदली क्रियापदं बहुतेक पहिल्या गणातली, म्हणजे शेवटी 'ए' ऐकू येणारी असतात. त्या गणाची रूपं सरळ असतात आणि आजही नवी क्रियापदं मुख्यतः तिथेच जन्मतात. अडलात तर तिकडे पळा, पण डोळे उघडे ठेवून. 'रेझूद्र', सोडवणे, अवघड वाटतं म्हणून लोक 'सोल्युस्योने' म्हणतात. ते फ्रेंच कोशात सापडतं, पण चोखंदळ फ्रेंच वाचकाच्या कपाळाला आठी पडते. 'रेझूद्र' पूर्ण क्रियापद आहे, ते शिकायला एक दुपार पुरते. तेवढी द्या.

थोडक्यात उरकण्यासारख्या

'त्रॅर', दूध काढणे, आणि त्याचं कुटुंब, 'एक्स्त्रॅर', 'दिस्त्रॅर', यांना पासे सँप्ल नाही. तिथे पासे कोंपोझे, म्हणजे बोलण्यातला नेहमीचा भूतकाळ, वापरा.

'इल आ प्लु' दोन क्रियापदांचं आहे. पाऊस पडला, किंवा तो आवडला. पुढेमागे बघूनच ठरवा.

पावसाचं क्रियापद एरवी फक्त 'इल'बरोबर येतं, पण गोळ्यांचा, फटक्यांचा, प्रश्नांचा वर्षाव झाला तर अनेकवचन चालतं.

'पूव्वार', शकणे, याला आज्ञार्थ नाही. बनवू नका.

'केरीर', आणायला किंवा शोधायला जाणे, आज फक्त मूळ रूपात आणि तेही 'आले केरीर'सारख्या जोडीत दिसतं. त्याची मुलं, 'आकेरीर' मिळवणे, 'कोंकेरीर' जिंकणे, पूर्ण आहेत. आईचं अपुरेपण त्यांच्यावर लादू नका.

'श्वार', पडणे, रोजच्या बोलण्यात 'लेसे श्वार', म्हणजे सोडून देणे, यातच भेटेल. बाकी 'तोंबे'.

'ल का एशेआँ' : नापास होण्याची गोष्ट नाही

भाड्याच्या करारात, विद्यापीठाच्या अर्जात, व्हिसाच्या सूचनांमध्ये हा शब्दसमूह हमखास असतो. 'एशेआँ' हे 'एश्वार' या अपुऱ्या क्रियापदाचं रूप, अर्थ वाट्याला येणे, मुदत भरणे. 'ल का एशेआँ' म्हणजे 'तशी वेळ आल्यास', 'लागू असल्यास'. फ्रान्सला शिकायला निघालेली मुलं त्याची गल्लत 'एशुए', अपयशी होणे, याच्याशी करतात. एका मुलानं अर्जातली 'लागू असल्यास आधीच्या पदव्यांच्या प्रती जोडा' ही सूचना 'नापास झाला असल्यास' अशी वाचली आणि पदव्या जोडल्याच नाहीत. अर्ज अपुरा म्हणून परत आला, तोपर्यंत शेवटची तारीख चार दिवसांवर होती. एश्वारचं धातुसाधित 'एश्यु', एशुएचं 'एशुए'. भाडेकरारात 'आ तेर्म एश्यु' दिसलं तर भाडं महिना संपल्यावर द्यायचं आहे. हे दोन शब्द मी शेजारीशेजारी कधीच शिकवत नाही. मध्ये किमान आठवडा जाऊ देते, नाहीतर ते एकमेकांत कालवले जातात.

जेझीर

शेवटचं माझ्या आवडीचं. 'जेझीर' म्हणजे आडवं पडून असणे. त्याचं मूळ रूप प्रत्यक्षात कुणी वापरत नाही. वर्तमानकाळ आहे, अँपार्फॅ आहे, 'जिझाँ' हे धातुसाधित आहे, बास. फ्रेंच थडग्यांवर 'सी-जी' लिहिलेलं असतं, इथे विसावला आहे. दोघं असतील तर 'सी-जीझ'. पोर्तुगीज थडग्यांवरचं 'अकी जाश' मूळ लॅटिनच्या नात्यानं त्याचं भावंड, पण पोर्तुगीजमध्ये ते क्रियापद पूर्ण आहे. पॅरिसजवळच्या सँ-दनीच्या बासिलिकात फ्रान्सच्या राजाराण्यांच्या निजलेल्या दगडी मूर्ती आहेत, त्यांना 'जिझाँ'च म्हणतात. 'जी' लिहिताना 'आय' या अक्षरावर टोपी द्यायची परंपरा आहे. १९९०च्या शुद्धलेखन सुधारणेनुसार ती नसली तरी चालते, पण एका मजकुरात एकच पद्धत ठेवा.

विद्यार्थी त्याला भविष्यकाळ द्यायला जातात. 'ती आपल्या गावच्या मातीत विसावेल' असं वाक्य गेल्या महिन्यात एका मुलीनं आजीवरच्या निबंधात लिहिलं होतं आणि 'जेझिरा' असं रूप करून ती माझ्याकडे आली होती. आम्ही ते खोडलं आणि 'रपोझे' घेतलं, विसावणे. एल रपोझरा. वाक्य मराठीत होतं तेवढंच शांत झालं.